निळी कडी, पांढरी कडी : कोकणातल्या एका पाईनच्या माळ्याचं प्रकरण

हे प्रकरण सिंधुदुर्गातल्या किनाऱ्याजवळच्या एका घराचं आहे, आणि पाईनच्या लाकडाला कीड लागली की त्याच्या ताकदीचं काय होतं याचं आहे. गाव, मालक आणि लाकडाचा व्यापारी ओळखू येणार नाहीत अशा बेतानं लिहिलं आहे. रचना-अभियंता म्हणून मी यात पहिल्या दिवसापासून होतो, त्यामुळे चुकांमध्येही माझा वाटा आहे. तो लपवला तर लिहिण्यात अर्थ नाही.

पार्श्वभूमी

डोंबिवलीत नोकरी करून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी गावच्या जमिनीवर पाहुण्यांसाठी दोन खोल्यांचं घर बांधायला घेतलं. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं आणि आत कडीपाटाचा माळा. माळ्यावर एक झोपायची खोली, खाली बसायची. माळ्याची मापं साधी होती : 3 मीटर गाळा, 50 बाय 150 मि.मी.च्या 14 कड्या (भिंतीपासून भिंतीपर्यंतचे आडवे वासे), दर 400 मि.मी.वर एक, वर तक्तपोशी म्हणजे फळ्यांची जमीन. कड्यांची टोकं दोन्ही बाजूंना चिऱ्याच्या भिंतीत बसवायची.

लाकूड म्हणून पाईन निवडलं. सागाचा भाव परवडत नव्हता, आणि किंजळ किंवा ऐन ही इथली लाकडं हवी तितकी, हव्या मापाची आणि नीट सुकलेली मिळेनात. पाईन मात्र कोल्हापुरात व्यापाऱ्याकडे रंधून, भट्टीत सुकवून, सरळसोट मिळत होतं. हे न्यूझीलंडचं रेडिएटा पाईन. झाड मूळचं कॅलिफोर्नियाचं, पण न्यूझीलंडमध्ये शेतीसारखं लावतात आणि साधारण तीसेक वर्षांत तोडतात. झपाट्यानं वाढलेल्या या झाडाचा बहुतेक भाग रसकाष्ठच, म्हणजे गाभ्याबाहेरचं कोवळं लाकूडच असतो. सागाच्या गाभ्यात किडीला न मानवणारी जी द्रव्यं असतात तशी यात जवळपास नसतात. कडी म्हणून ताकद पुरेशी, पण किडीसाठी ताट वाढून ठेवलेलं.

गावचे मेस्त्री सत्तरीचे. गाडीतून माल उतरताना पाहून ते एवढंच म्हणाले, "ह्यां पेटयेचां लाकूड. हेका वाळवी लागतली." मालक हसले. मीही हसलो.

पहिली अडचण : लाकूड निळं पडलं

माल आला 2021 च्या एप्रिलमध्ये. कोविडच्या निर्बंधांमुळे काम थांबलं होतं, म्हणून थप्पी अंगणातच ताडपत्रीखाली राहिली. मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं, ताडपत्री फाटली आणि लाकूड भिजलं. ते हलवायला माणसं मिळेपर्यंत दोन-अडीच आठवडे गेले. थप्पी उघडली तेव्हा निम्म्या कड्यांवर निळसर-करडे पट्टे होते. काही कड्यांवर टाचणीच्या टोकाएवढी, काळ्या कडांची भोकंही दिसली. मालकांचा फोन आला : "कीड लागली. सगळा माल परत करू का?"

पाईनला लागणाऱ्या किडीचा ताकदीवर काय परिणाम होतो, हा प्रश्न इथे पहिल्यांदा समोर आला. त्याचं उत्तर कोणती कीड आणि ती लाकडात नेमकं काय खाते, यावर ठरतं.

निळा डाग ही बुरशी आहे. रसकाष्ठातल्या पेशींमध्ये उरलेली साखर आणि पिष्ट हे तिचं अन्न. ज्या पेशीभित्तींवर लाकडाची ताकद उभी असते त्यांना ती जवळपास हात लावत नाही. निळा रंग म्हणजे बुरशीचे काळपट धागे लाकडातून तसे दिसतात, एवढंच. अमेरिकेत मॅडिसनला असलेल्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीचे आकडे या बाबतीत प्रमाण मानले जातात. दाट निळा डाग पडलेल्या लाकडाची घनता 1 ते 2 टक्के घटते, पृष्ठभागाचा कठीणपणा 2 ते 10 टक्के, आणि वाकण्यातली व दाबातली ताकद 1 ते 5 टक्के. एकाच झाडाच्या दोन फळ्यांमध्ये याहून जास्त फरक सापडतो. घट जाणवते ती आघात सोसण्याच्या गुणात : 15 ते 30 टक्के. म्हणजे कडी म्हणून चालेल, पण शिडीची पायरी किंवा कुऱ्हाडीचा दांडा म्हणून नाही.

काळ्या कडांची बारीक भोकं ही ओल्या ओंडक्यात शिरणाऱ्या भुंगेऱ्यांची. हा भुंगेरा लाकूड खातच नाही. तो बोगदा करतो, त्यात स्वतःची बुरशी पिकवतो आणि ती खातो. लाकूड सुकलं की बुरशी मरते आणि भुंगेऱ्याचा बिऱ्हाड-बाजार संपतो. भोकातून ताजा भुसा पडत नसेल तर ते दुखणं झाड तोडलं तेव्हाचंच, आताचं नाही.

मालकांना मी कॅनडाचं उदाहरण दिलं. ब्रिटिश कोलंबियात 1990 च्या दशकापासून पाईनवरच्या डोंगरी भुंगेऱ्यानं सुमारे 1 कोटी 80 लाख हेक्टर जंगल ग्रासलं. हा भुंगेरा सालीखाली शिरताना निळ्या डागाची बुरशी सोबत नेतो, आणि दोघं मिळून झाडाचं पाणी तोडतात. इतक्या मेलेल्या, निळ्या लाकडाचं करायचं काय हा तिथल्या सरकारपुढचा आणि गिरण्यांपुढचा खरा प्रश्न होता. चाचण्यांमधून लाकूड बांधकामाला चालतं असं दिसलं. 2010 च्या व्हॅंकुव्हर हिवाळी ऑलिंपिकसाठी रिचमंडमध्ये स्पीड स्केटिंगचं जे प्रचंड सभागृह बांधलं, त्याच्या छतात हेच भुंगेऱ्यानं मारलेलं पाईन वापरलं. तिथली खरी डोकेदुखी वेगळी : उभं मेलेलं झाड जागेवरच सुकून तडकतं, त्यामुळे फळ्या कमी निघतात.

मालकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, पाहुणा खाली खुर्चीत बसला की वर बघणार. त्याला मी कॅनडा सांगत बसू?"

मुद्दा रास्त होता. निळ्या कड्या बाजूला काढल्या, व्यापाऱ्यानं थोडे पैसे जास्त घेऊन तेवढ्या पांढऱ्या दिल्या. निळं लाकूड मेस्त्रींनी नेलं.

पहिला निर्णय इथेच चुकला, आणि तो मालकांचा नव्हता. निळा माल का चालेल हे सांगण्यात मी इतका गुंतलो की पांढरा माल का चालेल हे कुणी विचारलंच नाही. मीही नाही. निळं म्हणजे वाईट आणि पांढरं म्हणजे चांगलं, ही मालकांची समजूत खोडता खोडता तिचा दुसरा अर्धा भाग मी स्वतःच गिळला.

शिक्क्याचा गैरसमज

पांढऱ्या मालाबरोबर व्यापाऱ्यानं एक भरवसा दिला : "एचटी आहे. हीट ट्रीटेड. कीड लागायचा प्रश्नच नाही."

एचटी हा शिक्का लाकडी पेट्या आणि पॅलेटवर सगळ्यांनीच पाहिला असेल. 2002 मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार पॅकिंगचं लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटं तापवतात. एका देशाची कीड दुसऱ्या देशात जाऊ नये यासाठी हा खटाटोप. पाईन मारणारा जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा एक सूत्रकृमी उत्तर अमेरिकेतून जपानला गेला, पुढे चीन आणि कोरियात पसरला, 1999 मध्ये पोर्तुगालला सापडला. अशा प्रवाशांना थोपवायला तो शिक्का. आत असलेली कीड तापवून मरते. उद्या बाहेरून येणाऱ्या किडीला मात्र त्यानं काडीचा अडथळा होत नाही. उकळून गार केलेलं दूध उघड्यावर ठेवलं तर मांजर पिणारच.

गंमत अशी की ज्या देशातून हे लाकूड येतं तिथे हा धडा महागात शिकून झाला आहे. न्यूझीलंडमध्ये 1990 च्या दशकात भट्टीत सुकवलेलं पण औषध न दिलेलं रेडिएटा पाईन घराच्या सांगाड्याला चालेल अशी मुभा मिळाली. पाणी झिरपणाऱ्या घरांमधले सांगाडे कुजू लागले, हजारो घरांचा प्रश्न उभा राहिला, आणि 2004 मध्ये नियम पुन्हा कडक झाले. आता तिथे सांगाड्याचं पाईन बोरॉनचं औषध दिलेलं असतं आणि ओळखू यावं म्हणून गुलाबी रंगवतात. आपल्याकडे आलेलं लाकूड दुधासारखं पांढरं होतं, आणि आम्हाला त्याचं कौतुक वाटलं.

दाबयंत्रातून, म्हणजे दाबानं लाकडात खोलवर औषध भरून आणायचं तर माल परत पाठवावा लागला असता. त्याऐवजी मी जागेवर बोरॉनचे दोन हात मारायला सांगितले. सुक्या लाकडावर ब्रशनं लावलेलं औषध वरच्या एक-दोन मिलिमीटरपलीकडे फारसं जात नाही, हे मला माहीत होतं. तरी घराच्या आतलं काम आहे, चालून जाईल असा हिशोब केला. भरीस भर म्हणजे हात मारून झाल्यावर कड्या खोबणीत बसेनात म्हणून मेस्त्रींच्या मुलानं टोकं कापली. कापलेली टोकं कोरडीच राहिली, आणि भोवती सिमेंटचा माल ठासून भरला. नोव्हेंबर 2021 मध्ये माळा तयार झाला आणि फारच देखणा झाला.

दोन वर्षांनी

2023 च्या गणपतीनंतर मालकांचा फोन आला. माळ्यावरच्या खोलीत पलंगाचा एक पाय डुगडुगतो, आणि पश्चिमेच्या भिंतीकडे तक्तपोशी व भिंत यांच्यात फट पडली आहे. त्यांचं वाक्य माझ्या वहीत तसंच आहे : "मधे नाही हो, भिंतीकडे खाली गेल्यासारखं वाटतं."

वाक्य लिहून घेतलं आणि विसरलो.

तपासणी, आणि माझी दुसरी चूक

वरून पाहिलं तर कड्या पांढऱ्या, वार्निश शाबूत, भोकं नाहीत, भुसा नाही. मालकांना हवं होतं एकच : माळा सुरक्षित आहे का, दिवाळीचं बुकिंग घेऊ का. मी भार-चाचणी करायचं ठरवलं. शेजारच्या कामावरून सिमेंटच्या 12 गोण्या आणल्या आणि संशय असलेल्या तीन कड्यांवर मधोमध चार-चार रचल्या, म्हणजे प्रत्येक कडीवर 200 किलो. खबरदारी म्हणून खाली इंचभर जागा सोडून टेकू लावले होते.

हिशोबानं कडी मधे 10 मि.मी.च्या आसपास झुकायला हवी होती. झुकली 11. गोण्या काढल्यावर जवळपास पूर्ववत. कागदावर हे उत्तीर्ण होणारं उत्तर आहे. प्रमाणपत्राचा मसुदा माझ्या डोक्यात तयार होता.

मेस्त्री खाली उभे राहून सगळं बघत होते. म्हणाले, "टोकां बघलात काय?"

त्यांनी खिशातला पेचकस काढला आणि पश्चिमेच्या भिंतीलगत कडीच्या बगलेत टोचला. मुठीपर्यंत आत गेला.

चाचणी खोटी नव्हती, चुकीच्या जागी होती. दोन टोकांवर टेकलेल्या कडीत वाकण्याचा ताण मधे सर्वांत जास्त असतो, आणि झुकाव ठरतो तो मुख्यतः मधल्या भागाच्या ताठपणावर. मधला भाग ठणठणीत होता, म्हणून झुकाव ठीक आला. टोकाला वाकण्याचा ताण जवळपास शून्य. तिथे असतं कर्तन, म्हणजे कडी आडवी चिरण्याचा प्रयत्न करणारा जोर, आणि टेकूवरचा दाब. मधोमध ठेवलेल्या 200 किलोंनी मधल्या भागाची परीक्षा मूळ हिशोबातल्या पूर्ण भारापेक्षाही कडक घेतली होती. टोकावर मात्र पूर्ण भाराच्या दोन तृतीयांश एवढाच जोर आला होता. जिथे दुखत होतं तिथे मी हलकं दाबलं आणि जिथे दुखत नव्हतं तिथे जोरात. डोंबिवलीच्या गृहस्थांनी फोनवर जागा नेमकी सांगितली होती.

टोकांना काय झालं होतं

मग रीतसर पाहणी झाली. प्रत्येक कडीची दोन्ही टोकं पेचकसानं टोचली, हातोडीनं वाजवून ऐकली, 3 मि.मी.च्या ड्रिलनं छिद्र पाडून आतून भुसा येतो की पोकळी लागते ते पाहिलं, ओलावा मोजला. मधल्या भागात ओलावा 17 टक्क्यांच्या आसपास निघाला. कोकणात सप्टेंबरला हे ठीकच. पश्चिमेच्या टोकांना 26 ते 29. लाकूड 20 टक्क्यांखाली राहिलं तर कुजत नाही, हा रोजच्या कामातला ठोकताळा. समुद्राकडून येणारा पाऊस पश्चिमेच्या भिंतीवर सडकून आदळतो, चिरा पाणी पितो, आणि त्या ओल्या भिंतीत सिमेंटनं कोंडलेलं कडीचं टोक चार महिने भिजत राहतं. पश्चिमेची 14 पैकी 9 टोकं खराब निघाली, पूर्वेचं एक.

दोन शत्रू होते. पहिली जमिनीतली वाळवी, जोत्यातून भिंतीच्या सांध्यांमधून मातीच्या नळ्या करत वर आलेली. पाईनच्या प्रत्येक वर्षाच्या वलयात एक मऊ पट्टा आणि एक कठीण पट्टा असतो. ही वाळवी मऊ पट्टे आधी खाते आणि कठीण पट्टे मागे सोडते. वरचं वार्निश आणि त्याखालचा पापुद्रा तसाच ठेवते, कारण तिला उजेड आणि कोरडी हवा नको असते. एक टोक उघडलं तेव्हा आत पुस्तकाच्या पानांसारखे पातळ थर होते, एकमेकांपासून सुटलेले, मधे माती भरलेली.

सुटलेल्या थरांचा ताकदीवर होणारा परिणाम खाल्लेल्या लाकडाच्या वजनापेक्षा कितीतरी मोठा असतो. एकसंध कडीचे पाच सारख्या जाडीचे, एकमेकांवर घसरू शकणारे थर झाले, तर लाकूड तेवढंच राहूनही वाकण्यातली ताकद पाचव्या हिश्शावर येते आणि ताठपणा पंचविसाव्या हिश्शावर. वही एका हातानं सहज वाकते, तेवढ्याच जाडीची फळी वाकत नाही, तोच प्रकार. "फक्त 20 टक्के लाकूड खाल्लंय" असं सांगणाऱ्या कीटकनाशकवाल्याचं गणित इथे चुकतं.

दुसरा शत्रू तपकिरी कूज. तीही बुरशीच, पण निळ्या डागाच्या बुरशीची चुलतबहीण म्हणावी तर कामं अगदी उलट. ती थेट पेशीभित्तीतल्या सेल्युलोजच्या साखळ्या तोडते. लाकडाचं वजन जेमतेम काही टक्के घटतं तोवर आघात सोसण्याची ताकद निम्म्यानं गेलेली असू शकते, आणि वाकण्यातली ताकदही तिच्या मागोमाग. या टप्प्यावर डोळ्यांना दिसतो फक्त किंचित तपकिरी झाक. चौकोनी भेगा पडून लाकूड हातानं चुरडता येईल अशी अवस्था फार पुढची. म्हणजे जो डाग भडक दिसतो तो निरुपद्रवी, आणि जो खरा मारतो तो सुरुवातीला जवळपास बिनरंगाचा.

सर्वांत वाईट टोकाचा हिशोब असा. मूळ छेद 50 बाय 150, म्हणजे 7500 चौरस मि.मी. टोचून पाहता शाबूत भाग जेमतेम 30 बाय 60, म्हणजे 1800. पूर्ण भाराला टोकावर दीड किलोन्यूटन, म्हणजे साधारण 150 किलोंचा जोर येतो. आयताकृती छेदात कर्तनाचा सर्वाधिक ताण सरासरीच्या दीडपट धरतात; तो मूळ छेदात निघतो दर चौरस मि.मी.ला 0.3 न्यूटन, उरलेल्या छेदात 1.25. मी मर्यादा धरली होती 0.6 ची. मग माळा पडला कसा नाही? कारण खोलीत पूर्ण भार कधी आलाच नव्हता : एक पलंग, एक कपाट, दोन माणसं. शिवाय तक्तपोशी शेजारच्या कड्यांवर ओझं वाटून देत होती. लग्नाच्या वऱ्हाडानं त्या भिंतीकडे गर्दी केली असती तर वाकणं-करकरणं असा इशाराही मिळाला नसता. कर्तनानं लाकूड तुटतं ते अचानक.

त्याच संध्याकाळी खालची खोली बंद केली आणि पश्चिमेच्या भिंतीलगत टेकू घट्ट केले. दिवाळीचं बुकिंग रद्द.

पर्याय

पहिला पर्याय कीटकनाशकवाल्यानं सुचवला : भोकं पाडून औषध सोडा, वर पुट्टी भरा, झालं. सर्वांत स्वस्त, आणि मालकांचा कल स्वाभाविकच तिकडे होता. पण औषधानं वाळवी मरते, खाल्लेलं लाकूड परत येत नाही. औषध लागणारच होतं, पण उपाय म्हणून ते पुरेसं नव्हतं.

दुसरा : सगळा माळा उतरवून लोखंडी गर्डर टाकायचे. ताकदीचा प्रश्न कायमचा सुटतो. पण खाऱ्या हवेत, ओल्या भिंतीत रुतलेलं लोखंडी टोक म्हणजे वाळवीच्या जागी गंज. दुखण्याचं मूळ भिंतीतली ओल होती, ते तसंच राहिलं असतं.

तिसरा : सगळ्या कड्या किंजळीच्या करायच्या. मालकांना मनापासून हेच हवं होतं. अडचण वेळेची. सुकलेली किंजळ एकदम तेवढी मिळाली नसती, आणि ओली बसवली तर सुकताना पिळली असती.

चौथ्या पर्यायावर मी आणि मेस्त्री दोघं मिळून आलो. कडीचं दुखणं टोकाला आहे, मधे नाही. मग टेकूच आत सरकवायचा. पश्चिमेच्या भिंतीपासून 600 मि.मी. आत किंजळीची एक तुळई, किंजळीच्याच खांबांवर उभी. कड्या त्या तुळईवर शाबूत भागात टेकतील, आणि भिंतीतली टोकं कापून टाकता येतील. एका तुळईपुरती सुकी किंजळ मेस्त्रींच्या ओळखीत होती. एक पर्याय मी घाईत खोडला होता : तुळई भिंतीला बोल्टनं लटकवायची, म्हणजे खांब नकोत. पण भिजलेल्या चिऱ्यात बोल्टची पकड किती राहील याचा भरवसा देता येईना, म्हणून आजही तो खोडलेलाच ठेवेन. खांबांमुळे खालच्या खोलीची मोकळी जागा गेली, याबद्दल मालकांनी पुढे महिनाभर कुरकुर केली.

काय केलं

आधी पाणी थांबवलं. पश्चिमेकडे कौलांची पागोळी दीड हातानं पुढे काढली, भिंतीला बाहेरून चुन्याचा गिलावा केला. जोत्याभोवती वाळवीप्रतिबंधक औषध जमिनीत सोडलं, भिंतीच्या सांध्यांतही भरलं.

मग टेकू घट्ट करून टोकं कापली. ज्या 3 कड्यांमध्ये किडीची हद्द 600 मि.मी.च्या पुढे गेली होती त्या पूर्ण बदलल्या, या वेळी दाबयंत्रातून औषध भरलेल्या पाईनच्या. कापलेल्या टोकांशेजारी किंजळीचे 1.2 मीटरचे जोडतुकडे बोल्टनं बसवले. ते तुळईवरून पुढे झेपावत तक्तपोशीचा भिंतीकडचा पट्टा धरतात, पण भिंतीला टेकत नाहीत : 25 मि.मी. फट मुद्दाम सोडली. खांबांचे पाय जमिनीपासून वर, काँक्रीटच्या चौथऱ्यावर लोखंडी पट्टीत. पूर्वेच्या भिंतीतली खोबणी रुंद करून टोकांभोवती हवा खेळेल अशी जागा केली, खाली डांबरी पट्टी घातली. जिथे जिथे करवत लागली तिथे तिथे उघड्या टोकाला बोरॉन मुरेपर्यंत, अक्षरशः डब्यात बुडवून.

मेस्त्रींनी टोकांना काजूच्या टरफलाचं तेलही लावलं. होड्यांना लावतात ते. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

निकाल

डिसेंबरात पुन्हा भार ठेवला, या वेळी दोन ठिकाणी : मधोमध आणि तुळईच्या अगदी जवळ. गाळा 3 मीटरवरून 2.4 वर आल्यामुळे पसरलेल्या भाराला झुकाव हिशोबानं निम्म्याहून कमी होतो, आणि पलंग डुगडुगायचा थांबला. जवळच्या चाचणीत टेकूजवळ चिरण्याची किंवा दबण्याची खूण दिसली नाही. 2024 चा पावसाळा सरल्यावर पुन्हा ओलावा मोजला : जोडतुकड्यांच्या टोकांना 18 ते 19 टक्के. भिंतीत एके ठिकाणी मातीची ताजी नळी सापडली, फटीपर्यंत येऊन थांबलेली. मालकांनी ती पाहताच घाबरून फोन केला, पण फटीचा उपयोगच तो : वाळवीला उघड्यावरून जावं लागतं आणि ती दिसते. औषध तेवढ्यापुरतं पुन्हा सोडलं.

खर्च मूळ माळ्याच्या लाकडाच्या किमतीहून जास्त आला. हंगामातले सात आठवडे गेले ते वेगळे.

आज असतं तर

दाबयंत्रातून औषध दिलेलं लाकूड नसेल तर पाईन नाही, एवढं मी आता पहिल्या भेटीतच सांगतो. व्यापाऱ्याला "एचटी आहे का" असं न विचारता "औषध कोणतं, किती खोल" असं विचारतो, आणि एक तुकडा मधोमध कापून बघतो. टोकं कापायची वेळ येऊच नये म्हणून खोबणीची मापं आधी घेतो.

निळ्या कड्या तेव्हा ठेवून घ्यायला हव्या होत्या का, याबद्दल मात्र माझं मत अजून पक्कं नाही. ताकदीचा प्रश्न नव्हता. उलट निळा डाग पडलेलं पाईन पाणी आणि औषध दोन्ही जास्त सहज शोषतं, म्हणजे बोरॉन त्यात पांढऱ्या कडीपेक्षा खोल मुरलं असतं. पण त्याच गुणामुळे ओल्या भिंतीतलं पाणीही त्यानं जास्त ओढलं असतं. टोकांना हवा दिली असती तर निळ्या कड्या पांढऱ्यांपेक्षा बऱ्या ठरल्या असत्या, न दिली असती तर बहुधा आणखी लवकर गेल्या असत्या.

तपासणीचा क्रमही बदलला. आधी पेचकस, मग ओलावा, भार सर्वांत शेवटी, आणि तोही टेकूजवळ धरून. तक्रार करणारा माणूस "भिंतीकडे" म्हणाला तर आधी भिंतीकडे जातो.

मेस्त्रींनी नेलेल्या निळ्या कड्यांची त्यांनी घरच्या पडवीत बाकं केली. उरलेल्या लाकडाची शिडी करणार होते. आघाताचे आकडे आठवून मी तेवढं मात्र नको म्हटलं, आणि या एका बाबतीत त्यांनी माझं ऐकलं. बाकं अजून तशीच आहेत, कोरड्या जागी, निळे पट्टे वर करून. गेल्या वेळी त्यावर बसूनच चहा घेतला.